कोपनहेगनची धुळाक्षरे

कुंभकोणमची वस्ती मागे टाकून तंजावरच्या वाटेने पाच-सहा किलोमीटर गेले, की स्वामिमलैच्या शेजारी, भातखाचरांच्या आणि केळीच्या बागांच्या बेचक्यात तिरुवलंचुळी हे गाव लागते. महाराष्ट्रातून दक्षिणयात्रेस निघालेला भाविक कुंभकोणमची ठरावीक देवळे उरकून बहुधा परस्पर तंजावरास निघून जातो आणि हे गाव त्याच्या नकळत मागे पडते, ही खेदाची गोष्ट आहे. कारण गणेशभक्तीचा एवढा अभिमान मिरवणाऱ्या आपल्या लोकांस येथे एक असा विनायक भेटला असता, की ज्याच्या मस्तकावर पाण्याचा थेंबही पडत नाही. समुद्रमंथनास आरंभ करण्यापूर्वी विघ्नहर्त्याचे पूजन करावयाचे देव विसरले, म्हणून त्यांनी समुद्राच्या फेसाचीच मूर्ती घडवून ते पूजन पुरे केले आणि पुढे इंद्राच्या हातून ती मूर्ती या स्थळी आली, अशी कथा आहे. फेसाची मूर्ती पाण्याने विरेल, म्हणून अभिषेक वर्ज्य. पुजारी भीमसेनी कापराचे चूर्ण तेवढे हलक्या हाताने वाहतात. मूर्ती वीतभर, शुभ्र, आणि तिच्यासमोरची दगडी जाळीची खिडकी मात्र अशी अजोड, की देवळाचे काम पत्करताना जुने स्थपती करारातच लिहून देत, ‘तिरुवलंचुळीची जाळी वगळून वाटेल ते घडवून देऊ’, असे या भागात सांगतात. कावेरी येथे एका विवरात गुप्त झाली असता हेरंड ऋषींनी त्या विवरात स्वतःस झोकून देऊन तिला पुन्हा वर आणले व ती उजवे वळण घेऊन वाहू लागली, ही दुसरी कथा; ऋषींची मूर्तीही देवळात आहे. गावालगतची अरसलार ही कावेरीचीच शाखा पुढे कारैक्कालजवळ समुद्रास मिळते, आणि तेथून उत्तरेस थोड्याच अंतरावर किनाऱ्यावर तरंगंबाडी आहे, जिला डेन्मार्कचे लोक त्रांकेबार म्हणत आणि जिच्यावर सव्वादोनशे वर्षे त्यांचे निशाण फडकत होते.

या गावी जाण्याचे माझे निमित्त मात्र देवदर्शनाचे नव्हते. तंजावरच्या मराठी राज्याबरोबर इकडे आलेल्या आणि पुढे येथेच रुजलेल्या एका कुटुंबातील मुलगी कोपनहेगनच्या विद्यापीठात जमीन आणि पाणी यांच्या व्यवहाराचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास करीत आहे, असे मला कळले होते. घरात बोलणे मराठीत, वाचणे-लिहिणे तमिळमध्ये आणि हिशेब इंग्रजीत, अशी तेथील वाटणी. आजोबा निवृत्त शाळामास्तर. शेजारपाजारच्या लोकांस अमेरिका ठाऊक आहे, सिंगापूर तर जवळजवळ आपलेच वाटते; पण ‘डेन्मार्क’ म्हटले की ते विचारतात, तेथे आपले कोण आहे? प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागते, आणि मागे गेल्यावर असे दिसते, की कावेरीचे खोरे आणि कोपनहेगन यांच्यामधली शिक्षणाची ये-जा चारशे वर्षांची आहे. एवढेच, की पहिली पाटी हातात धरावी लागली ती तिकडून इकडे आलेल्या माणसास.

डेन्मार्क-नॉर्वेचा राजा चौथा क्रिस्तियान हा हौशी, खर्चिक आणि महत्त्वाकांक्षी पुरुष. १६१६ मध्ये त्याने आपली ईस्ट इंडिया कंपनी स्थापन केली व १६१८ च्या हिवाळ्यात ओव्हे येद्दे नावाच्या, पंचविशीही न गाठलेल्या दर्यासारंगाच्या हाताखाली जहाजे रवाना केली. जायचे होते सिंहलद्वीपास. तेथे डाळ शिजली नाही. दरम्यान पुढे पाठविलेले एक जहाज पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत कारैक्कालजवळ निकामी झाले, आणि त्यावरचा व्यापारी रोलांड क्रापे मूठभर सोबत्यांसह जीव वाचवून तंजावरास रघुनाथ नायकाच्या दरबारी पोहोचला. त्याच्या शब्दाने सूत्र जुळले आणि नोव्हेंबर १६२० मध्ये तहनामा होऊन तरंगंबाडी डेनांस मिळाली. त्या वेळी नायकाने राजा क्रिस्तियानास पाठविलेले सोन्याच्या पत्र्यावरचे पत्र कोपनहेगनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आजही आहे. याच राजाने त्याच सुमारास कोपनहेगनात गरीब विद्यार्थ्यांसाठी ‘रेगेन्सेन’ हे वसतिगृह बांधविले, जे १६२३ मध्ये सुरू झाले आणि अद्याप विद्यार्थ्यांनी भरलेले असते. त्याच्या समोर १६४२ मध्ये पुरा झालेला गोल मनोरा, ज्यात पायऱ्यांऐवजी वळत वळत चढणारा उतरंडीचा रस्ता आहे, वर ज्योतिषाची वेधशाळा, लागून विद्यार्थ्यांचे देऊळ आणि त्या देवळाच्या माळ्यावर पूर्वी विद्यापीठाचे ग्रंथालय. विद्यापीठ त्याहून जुने, १४७९ चे. मिरीच्या व्यापाराचा हिशेब आणि विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय एकाच राजाच्या हुकुमाने लावली जात होती, ही गोष्ट मला कंपनीच्या नफ्या-तोट्यापेक्षा अधिक लक्षात राहण्यासारखी वाटते. नफा तसा फारसा झालाही नाही.

किंबहुना १६४३ पासून १६६९ पर्यंत डेन्मार्कहून तरंगंबाडीस एकही जहाज आले नाही. मायदेश युद्धात गुंतलेला, कंपनी बुडालेली, गोरे एकामागून एक मेलेले किंवा पळालेले; अखेर एस्किल अँडर्सन काँग्सबाके नावाचा एकच सामान्य मनुष्य उरला आणि स्थानिक लोकांच्या साह्याने त्याने किल्ला सांभाळला, गावाभोवती तट घातला आणि एक दिवस जहाज येईल या भरवशावर वर्षांमागून वर्षे निशाण खाली उतरू दिले नाही. इतिहासकार अशा माणसांस एका ओळीत उरकतात. मला त्याच्यावर कोणी कादंबरी कशी लिहिली नाही याचे नवल वाटते. जहाज आले तोवर तंजावरचे नायक राज्यच अस्तास चालले होते. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावर घेतले, आणि तेव्हापासून डेनांचा शेजारी, जमीनमालक आणि प्रसंगी शत्रू हा मराठी बोलणारा राजा झाला. खंडणी, जकात, गावांचा वसूल यांवरून कुरबुरी चालतच. १६९९ मध्ये तंजावरच्या शहाजीराजांच्या फौजेने तरंगंबाडीस वेढा घातला आणि इंग्रजांची कुमक आली म्हणूनच तो उठला.

अशा या तणातणीच्या मुलखात ९ जुलै १७०६ रोजी दोन तरुण जर्मन पाद्री उतरले. बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्युत्शाव यांस डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने पाठविले होते आणि निघण्यापूर्वी त्यांचा दीक्षाविधी कोपनहेगनात झाला होता. राजाने पाठविलेले पाहुणे म्हणून त्यांचा सत्कार व्हावा, तर कंपनीच्या अधिकाऱ्यांस ते व्यापारातील विघ्न वाटले; तेथील किल्लेदाराने त्सीगेनबाल्गला पुढे चार महिने डान्सबोर्ग किल्ल्यात कैदेतही टाकले. पण त्याआधी, किनाऱ्यावर पाऊल ठेवल्यानंतरच्या काही महिन्यांत, या चोविशीतल्या माणसाने जे केले ते परदेशी शिकावयास जाणाऱ्या प्रत्येकाने एकदा डोळ्यांसमोर आणावे. त्याने एका वृद्ध तमिळ पंतोजीस विनविले, की तुमची शाळा माझ्या घरी भरवा. मुले आली, जमिनीवर वाळू पसरली गेली, पंतोजी अक्षराचे नाव उच्चारी आणि मुले ते म्हणत म्हणत बोटाने वाळूत गिरवीत. लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकलेला, राजाज्ञा खिशात बाळगणारा हा परकी पंडित त्या पोरांच्या रांगेत मांडी घालून बसला आणि बोटाने वाळूत ‘अ’ काढू लागला. अक्षरे आली, पण अर्थ कळेना. मग त्याने डॅनिश, पोर्तुगीज वगैरे भाषा जाणणाऱ्या अळगप्पन नावाच्या दुभाष्यास धरले. धुळपाटीवर आपल्या आजोबा-पणजोबांनीही अशीच धुळाक्षरे काढली. फरक इतकाच, की ते पाच वर्षांचे असताना.

या शिष्यत्वाचे फळ मोठे होते. १७०८ पर्यंत त्याने शंभराहून अधिक तमिळ ग्रंथ जमवून, वाचून त्यांची टिपणयुक्त यादी केली. जर्मनीतील हाले येथून आलेले तमिळ खिळे फार मोठे आणि कागद अपुरा, म्हणून तरंगंबाडीजवळ पोरैयार येथे लहान खिळे ओतविले, कागदाची गिरणी उभारण्याची खटपट केली, आणि तमिळ ‘नवा करार’ छापला. दक्षिणेतील देवतांची वंशावळ सांगणारा त्याचा ग्रंथ १७१३ चा. तो हाले येथील वरिष्ठांनी छापला नाही, कारण तुम्हांस मूर्तिपूजा उखडावयास पाठविले आहे, तिचे वर्णन युरोपात पसरविण्यास नव्हे, असे त्यांचे म्हणणे. तो ग्रंथ १८६७ मध्ये उजेडात आला. धर्मांतराचा हेतू त्याच्या ठायी होता आणि तो लपविण्याचे कारण नाही. पण शिकण्याच्या भरात माणूस आपल्या हेतूच्या पलीकडे जातो, त्याचे हे उदाहरण आहे. १७१४ मध्ये तो युरोपास गेला तेव्हा मलैअप्पन हा तमिळ तरुण त्याच्या सोबत होता. जहाजावर दोघांनी बसून तमिळ व्याकरणाचे काम चालविले आणि ते व्याकरण १७१६ मध्ये हाले येथे लॅटिनमध्ये छापले गेले. तरंगंबाडीहून उत्तर युरोपाकडे विद्येच्या कामासाठी गेलेल्यांची वंशावळ कोणी मांडावयास घेतली, तर तिच्या माथ्यावर या मलैअप्पनचे नाव घालावे लागेल. त्सीगेनबाल्ग १७१९ मध्ये छत्तिसाव्या वर्षी वारला.

याच मिशनचा दुसरा पुरुष मराठी वाचकास अधिक परिचित असावा. क्रिस्तियान फ्रेडरिक श्वार्ट्‌झ याचाही दीक्षाविधी कोपनहेगनात, १७४९ मध्ये. पुढल्या वर्षी तो तरंगंबाडीस आला, तेथून तिरुचिरापल्लीस आणि अखेर तंजावरास. १७८७ मध्ये तुळजाराजांनी दत्तक घेतलेल्या दहा वर्षांच्या सरफोजीचा सांभाळ या वृद्ध पाद्र्याकडे आला, आणि गादी बळकावून बसलेल्या अमरसिंगाच्या जाचातून त्यानेच त्या मुलास सोडवून मद्रासेस शिकावयास पाठविले. सरफोजी गादीवर बसला ते १७९८ चे वर्ष. त्याच वर्षी फेब्रुवारीत श्वार्ट्‌झ निवर्तला. सरस्वती महाल ग्रंथालयातील युरोपीय ग्रंथ, शरीरशास्त्राची चित्रे, देवनागरी छापखाना, नव्या विद्येच्या पाठशाळा, हा सारा सरफोजीराजांचा व्याप सर्वज्ञात आहे; तो ज्या कुतूहलातून उपजला, त्यास तरंगंबाडीच्या निसर्गशास्त्री पाद्र्यांचा, विशेषतः शाळा आणि शंखशिंपले या दोहोंचा सारखाच नाद असलेल्या डॉ. जॉन यांचा सहवास कारणीभूत होता, हे तितकेसे सांगितले जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्या छापखान्यातून इसापनीतीचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी भाषांतर निघाले. आणि योगायोग असा, की १८०५ मध्ये विल्यम केरी याचे मराठी व्याकरण जेथून प्रसिद्ध झाले ते बंगालमधील श्रीरामपूरही डेन्मार्कच्याच अमलाखालचे. इंग्रज कंपनीच्या हद्दीत मिशनऱ्यांस थारा नव्हता म्हणून केरी तेथे गेला. मराठी मुद्रणाच्या दोन्ही पाळण्यांस अशा रीतीने डॅनिश दोरी बांधलेली आहे. १८२७ मध्ये सहाव्या फ्रेडरिक राजाने श्रीरामपूरच्या कॉलेजास पदव्या देण्याची सनद दिली, मुंबईचे विद्यापीठ निघण्याच्या तीस वर्षे आधी. पुढे १८४५ मध्ये साडेबारा लाख रुपयांस तरंगंबाडी आणि श्रीरामपूर इंग्रजांस विकली गेली आणि हा जमाखर्च बंद झाला.

पैशांचा जमाखर्च बंद झाला. कागद मात्र उरले. तंजावर दरबाराचे मोडी दप्तर किती प्रचंड होते ते सरस्वती महालात रुमाल पाहिलेल्यास सांगावयास नको. त्यांतले काही कागद डेन्मार्कच्या संग्रहांत गेले, आणि तेथे पडून राहिले नाहीत. एलिझाबेथ स्ट्रांडबेर्ग या विदुषीने मराठी आणि मोडी आत्मसात करून, डॅनिश संग्रहांतील तंजावरच्या मोडी कागदपत्रांचे संपादन, भाषांतर व चिकित्सा केली. तो ग्रंथ १९८३ मध्ये जर्मनीत वीसबाडेन येथे प्रसिद्ध झाला. पुण्यात आणि कोल्हापुरात मोडी वाचणाऱ्यांची उणीव म्हणून आपण नित्य हळहळतो, आणि कोपनहेगनच्या अंधाऱ्या हिवाळ्यात कोणी एक बाई आपल्या कारकुनांच्या घाईघाईच्या लपेटीतील ‘विनंती विशेष’ उलगडीत बसते, यात लाज वाटण्याजोगे काही आहे असे मला वाटते. तिरुवलंचुळीच्या आजोबांस मी या ग्रंथाची गोष्ट सांगितली, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, की त्यांच्या आजोबांच्या पेटीत मोडीचे दोन गठ्ठे होते, ते पावसाळ्यात वाळवी लागून गेले, आणि गेले नसते तरी घरात ते वाचणारे कोणी नव्हते.

कावेरीकाठच्या घराण्यांतून कोपनहेगनात प्रत्यक्ष शिकावयास गेलेल्यांत सर्वांत मोठे नाव खगोलभौतिकीतज्ज्ञ सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे. जन्म लाहोरचा, १९१० चा, शिक्षण मद्रासचे; पण कुळाची मुळे तंजावर जिल्ह्यातील खेड्यांत, ज्या कुळात त्यांचे काका सर चंद्रशेखर वेंकट रामन् झाले. या मुलाची आई सीतालक्ष्मी हिने इब्सेनचे ‘डॉल्स हाऊस’ तमिळमध्ये आणले होते. हे नाटक नॉर्वेच्या लेखकाचे असले तरी त्याचा पहिला प्रयोग १८७९ च्या डिसेंबरात झाला तो कोपनहेगनच्या राजनाट्यगृहात. (आपल्याकडेही ‘आंधळ्यांची शाळा’ या १९३३ च्या नाटकामागे नॉर्वेचाच ब्यर्नसन उभा आहे; मराठी रंगभूमीने आपल्या नव्या घराच्या कड्या-कोयंड्यांसाठी स्कँडिनेव्हियाकडे एवढे पाहिले, की तो एक स्वतंत्र लेखाचा विषय होईल.) म्हणजे मुलाच्या आधी आईच, घराचा उंबरा न ओलांडता, त्या नगरीच्या रंगमंचावरून फिरून आली होती. ३१ जुलै १९३० रोजी चंद्रशेखर मुंबईहून जहाजाने निघाले. आई आजारी होती, तरी जा म्हणाली, आणि १९३१ मध्ये मुलगा केंब्रिजला असतानाच ती गेली.

केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील ती दोन वर्षे त्यांस एकाकी गेली. जहाजावरच त्यांनी मृत ताऱ्यांच्या वस्तुमानास एक मर्यादा असते हे गणित मांडले होते, पण तिकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही. तेथील भौतिकीतज्ज्ञ डिरॅक यांनी सल्ला दिला, की शिष्यवृत्तीचे शेवटचे वर्ष कोपनहेगनात नील्स बोर यांच्या संस्थेत काढा. ब्लेगडॅम्सवाय या रस्त्यावरची ती सैद्धांतिक भौतिकीची संस्था १९२१ मध्ये उघडली होती आणि १९३२ साली तेथे जाणे म्हणजे नव्या भौतिकीच्या माजघरात जाणे होते. केंब्रिजमध्ये दरवाजे बंद करून बसणारे विद्वान. येथे वाइसकॉफ, डेलब्र्युक, रोझेनफेल्ड असे देशोदेशीचे तरुण एका टेबलाशी बसून भांडत, आणि बोर स्वतः त्यांच्यात बसून, अडखळत, पुटपुटत, पाइप विझवीत-पेटवीत. वरिष्ठ-कनिष्ठ हा भेद नाही असे नव्हे. पण चूक काढण्याचा अधिकार सर्वांस सारखा. या मोकळ्या हवेत हा बावीस वर्षांचा, शाकाहारी, अबोल तरुण रमला. आता आपण शुद्ध भौतिकीतच काम करावे अशी उमेद धरून त्यांनी कणांच्या सांख्यिकीवर एक निबंध सिद्ध केला. बोर आणि रोझेनफेल्ड यांस तो पसंत पडला. पण तो केंब्रिजला पोहोचल्यावर डिरॅक यांनी त्यातील दोष दाखवून दिला आणि निबंध मागे घ्यावा लागला. अशा प्रसंगी माणूस खचतो किंवा आपल्या मूळ अक्षरांकडे परततो. चंद्रशेखर ताऱ्यांकडे परतले. स्वतःभोवती फिरणाऱ्या वायुगोलांच्या समतोलावर त्यांनी लागोपाठ काम केले आणि त्याच निबंधांवर १९३३ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली.

तथापि कोपनहेगनने त्यांस जे दिले त्याची पावती दोन वर्षांनी मिळाली. जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत नामांकित ज्योतिर्विद सर आर्थर एडिंग्टन यांनी त्यांच्या वस्तुमान-मर्यादेची भर सभेत टर उडविली, आणि सभा हसली. त्या रात्रीनंतर चंद्रशेखरांनी पत्र लिहिले ते कोणा इंग्रज गुरूस नव्हे, तर रोझेनफेल्ड यांस; आणि तिकडून उत्तर आले, की एडिंग्टन यांचे म्हणणे आम्हांस निरर्थक वाटते, बोर यांसही. जाहीरपणे मात्र यांपैकी कोणी तोंड उघडले नाही. मोठ्या माणसाच्या भिडेपुढे सत्याची अर्जदास्त कशी दप्तरी पडून राहते, याचा अनुभव घेण्यास युरोपातही तोटा नव्हता. १९८३ मध्ये, सुमारे अर्धशतकाने, चंद्रशेखर आणखी एका स्कँडिनेव्हियन राजधानीत, स्टॉकहोममध्ये, नोबेल पारितोषिक स्वीकारावयास उभे राहिले. त्यांचे काका त्याच कामासाठी तेथे १९३० मध्ये जाऊन आले होते.

आता तिरुवलंचुळीच्या मुलीकडे येऊ. चंद्रशेखरांस सरकारी शिष्यवृत्ती होती; हिला कर्ज आहे. डेन्मार्कने युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांस २००६ पासून फी लावली, स्वीडनने २०११ पासून, फिनलंडने २०१७ पासून, आणि बराच काळ सर्वांस विनामूल्य शिकविणाऱ्या नॉर्वेनेही २०२३ मध्ये तोच कित्ता गिरविला. तेव्हा ‘तिकडे शिक्षण फुकट’ ही आपल्या गावोगावच्या एजंटांनी पसरविलेली गोष्ट आता कोणी खरी मानू नये. कोपनहेगन विद्यापीठात विषयानुसार वर्षाला दहा ते सतरा हजार युरोंच्या घरात फी पडते. राहण्याची खोली मिळणे ही त्याहून बिकट बाब, कारण चौथ्या क्रिस्तियानने बांधविलेले वसतिगृह चारशे वर्षांनीही शंभरएक विद्यार्थ्यांपुरतेच आहे आणि बाकीच्यांनी महिनोन्‌महिने यादीत वाट पाहावी. परवान्याच्या अटींनुसार महिन्यास नव्वद तास काम करता येते, उन्हाळ्याच्या जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत पूर्ण वेळ. ती एका उपाहारगृहाच्या मुदपाकखान्यात भांडी धुते. आजोबांस हे सांगितले गेले होते. आजीस ‘ग्रंथालयात काम आहे’ असे कळविण्यात आले होते, आणि तिने त्यावर विश्वास ठेवला आहे असे सारे मानून चालतात.

मी त्यांच्या ओसरीवर बसलो असताना तिचा व्हिडिओ कॉल आला. येथे कावेरीच्या काठी चार महिने सोडले तर दुपार ही दुपारच असते. तेथे डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा, साडेतीन वाजता दिवे लागलेले. थंडीची तिला सवय झाली, अंधाराची झाली नाही असे ती म्हणाली. सर्वांत कठीण काय गेले, असे मी विचारले. मला वाटले होते ती भाषा सांगेल, कारण डॅनिश लोक लिहितात ते निम्मे गिळून उच्चारतात आणि पन्नास, साठ, सत्तर मोजताना विसा-विसांचा हिशेब धरतात. पण आजोबांस ‘तीन विसा’ म्हणजे साठ हे लहानपणापासून ठाऊक, तेव्हा तेवढा धडा त्यांनीच फोनवर तिला सोपा करून दिला होता. अवघड गेले ते निराळेच. पहिल्या आठवड्यात प्राध्यापकबाईंनी सांगितले, की मला नावाने हाक मारा. हिच्या तोंडून ‘मॅडम’ जाईना, आणि नुसते नाव घेता येईना, म्हणून तिने महिनाभर त्यांस कोणत्याही नावाने हाकच मारली नाही. वर्गात टिपणे उतरवून देण्याची पद्धत नाही. कावेरीच्या पाटबंधाऱ्यांवर, धरणांच्या सोडलेल्या पाण्यावर, खोऱ्यातील खाऱ्या होत चाललेल्या विहिरींवर बोलावयास तिला उभे केले, तेव्हा आकडे तिने बिनचूक म्हटले. मग एका सहाध्यायाने विचारले, की हे आकडे कोणी आणि कशासाठी मोजले? तिला उत्तर आले नाही. बी. एस्सी.च्या तीन वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता.

परीक्षा बहुतेक तोंडी. वीस-पंचवीस मिनिटे शिक्षक आणि बाहेरचा एक परीक्षक समोर बसतात, विषय मांडावयाचा, मग ते खोदून विचारतात, आणि दाराबाहेर पाच मिनिटे उभे राहिले की निकाल तोंडावर. गुणांची मोजणीही विचित्र: उणे तीनपासून बारापर्यंत, मिळून अवघ्या सात पायऱ्या, आणि पहिल्या परीक्षेत तिला सात मिळाले. आजोबांनी ताबडतोब त्रैराशिक मांडले. बारापैकी सात म्हणजे अठ्ठावन्न टक्के, हे त्यांच्या घराण्यात आजवर कोणास पडले नव्हते, आणि दोन दिवस ते तिच्याशी नीट बोलले नाहीत. सात म्हणजे तेथे चांगलेच समजतात, हे त्यांस पटविण्यास तिने विद्यापीठाचा कागद पाठविला. तो त्यांनी वाचून घडी घालून पंचांगात ठेवला आहे. पटला की नाही ते त्यांनी मला सांगितले नाही. पुढच्या परीक्षेत दहा आले. त्या परीक्षेस तिने आपल्याच गावच्या अरसलारचे कालवे हा विषय घेतला होता, आणि आकडे कोणी मोजले येथूनच बोलण्यास आरंभ केला होता.

जाता जाता मी तिला दप्तरखान्यातल्या सुवर्णपत्राविषयी विचारले. ती म्हणाली, ते ठाऊक आहे, पण तेथे जाण्याचा मार्ग कामाच्या ठिकाणाच्या उलट दिशेस पडतो, आणि सुटीच्या दिवशी कपडे धुवायचे असतात. हे उत्तर मला आवडले. पदवी घेतल्यावर नोकरी शोधण्यास काही काळ राहता येते. तेवढ्या काळात कर्ज फिटावे असा तिचा हिशेब आहे. आजोबांचा हिशेब निराळा आहे. कुंभकोणमचा महामखम् हा स्नानोत्सव बारा वर्षांनी येतो, मागचा २०१६ चा, पुढचा २०२८ मध्ये, मासी या तमिळ महिन्यात. तेव्हा कन्यारत्नाने तीर्थात डुबकी मारण्यास हजर राहावे असे त्यांनी तिला आतापासूनच लेखी कळविले आहे, तारीख घातलेले, सहीनिशी. तिने उत्तर पाठविले आहे, की त्या दिवसांत इकडे रजा मिळणे कठीण, पण वरिष्ठांस त्यांच्या नावाने हाक मारून विचारून पाहीन.